पिशवीतला दाखला

[दृश्य: लाकडी बाक. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाशी घट्ट गाठ. गाठ सोडणारे हात.]

या पिशवीत रेशनकार्ड आहे. आईचं आधारकार्ड आहे, मुलाचंही आहे, त्यावरचा फोटो तो पाचवीत असतानाचा. लाइटबिल आहे, घरमालकाच्या नावाचं. एक जुनं एक्स-रेचं पाकीटसुद्धा आहे. साहेबलोक काय मागतील याचा नेम नाही, म्हणून घरात जे जे कागदासारखं दिसलं ते सगळं आई घेऊन आली आहे.

एकच कागद यात नाही. शाळा सोडल्याचा दाखला.

[दृश्य: बाल न्याय मंडळाच्या बाहेरचा व्हरांडा. माणसांचे फक्त पाय, चपला.]

या चित्रफितीत तुम्हाला मुलाचा चेहरा दिसणार नाही. नाव नाही, वस्ती नाही, शाळा नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं. तेव्हा हा कुणी एक मुलगा आहे असं समजू नका. मोबाइलचोरीत सापडलेला, आठवीनंतर शाळा सुटलेला, सोळा वर्षांचा मुंबईतला कुठलाही मुलगा डोळ्यांसमोर आणा. आई तीन घरची धुणीभांडी करते. वडील असून नसल्यासारखे.

[दृश्य: उमरखाडी, डोंगरी. जुनी भिंत, बाहेर हातगाड्या, टॅक्सी.]

हे ठिकाण तुम्ही पाहिलं नसेल, पण ऐकलेलं नक्की आहे. 1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. तो तुरुंग हाच. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा झाला 1924 साली, पाठोपाठ 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि तुरुंगाच्या जागी मुलांची संस्था आली. पाटीवर ‘निरीक्षणगृह’ लिहिलेलं असतं, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवायची जागा. वस्तीत मात्र कुणी तो शब्द वापरत नाही. ‘पोरगा डोंगरीला गेलाय’, एवढं म्हटलं की पुढचं सगळ्यांना कळतं. आणि एकदा कळलं की ते पुसायला फार वर्षं लागतात.

कायद्याने शब्दांचा विचार केला आहे. मुलाला ‘अटक’ होत नाही, त्याला ‘ताब्यात घेतात’. तो ‘आरोपी’ नसतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. शब्द जड आहे, मुलाच्या आईला तो एका दमात म्हणता येत नाही. पण ‘चोर’ या शब्दाच्या जागी कुणीतरी हा शब्द ठेवला, त्यामागची माया मला खरी वाटते.

[दृश्य: पोलीस ठाण्याची पायरी. साध्या वेशातला माणूस मुलाबरोबर चालतोय, दोघेही पाठमोरे.]

प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. मुलाला बेडी घालायची नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि कुणी मोठा माणूस त्यात सामील नसेल, तर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई. खोली कोर्टासारखी भीती घालणारी नसावी, असंही कायदा सांगतो. गुन्हा कुठलाही असो, जामीन हा नियम आणि अडवून ठेवणं हा अपवाद.

हे सगळं 2015 च्या कायद्यात आणि 2016 च्या नियमांत लिहिलेलं आहे. पण मुलाचं पुढे काय होतं ते मंडळाच्या खोलीत ठरत नाही. ते ठरतं पुढच्या पंधरा दिवसांत, आणि बरंचसं एका माणसाच्या पायांवर.

[दृश्य: अरुंद गल्ली. खांद्याला झोळी, हातात फाइल घेतलेली एक बाई घर विचारत पुढे जाते.]

या परिविक्षा अधिकारी. वस्तीतले लोक ‘प्रोबेशनवाल्या मॅडम’ म्हणतात. मुलाला ताब्यात घेतल्याची खबर पोलिसांनी यांना द्यायची आणि यांनी पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा, असा नियम आहे. अहवालाचा ठरलेला नमुना आहे: घरात कोण, कमावतं कोण, शिक्षण किती, व्यसन आहे का, मित्र कसे. रकाने भरायचे ठरवलं तर अर्ध्या तासाचं काम.

चांगला अधिकारी मात्र रकान्यांपाशी थांबत नाही. तो शेजारणीकडे पाणी मागतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारतो, पोरगा इथे बसायचा का. पंक्चरचं सोल्युशन रुमालात घेऊन हुंगणारी मुलं याच दुकानामागे बसतात, हे त्याला ठाऊक असतं. तो पोटमाळ्यावर नजर टाकतो, कारण मुलगा झोपतो कुठे यावर बरंच काही अवलंबून असतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपत असतील, तर पोरगा रात्री बाहेर का असतो याचं उत्तर तिथेच मिळतं.

[दृश्य: दारातली मोरी, भांडी. आई बोलते आहे, कॅमेरा तिच्या हातांवर.]

“मावशी, शाळा का सोडली त्याने?”

“सोडली नाही हो मॅडम. सुटली.”

सोडणं आणि सुटणं यांत फरक आहे, आणि तो अहवालात लिहिता आला पाहिजे. मंडळाने कायदा बघायचा असतो तसा मुलगाही बघायचा असतो. तो दिसण्याची खिडकी म्हणजे हा अहवाल.

[दृश्य: टेबलावर उघडी फाइल. पेन्सिलने काढलेल्या रेघा.]

आता या मुलाला काय काय हवं आहे ते पाहा. सोल्युशन हुंगणं सुटायला हवं, म्हणजे सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र. दहावी व्हायला हवी, म्हणजे बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा. हाताला काम हवं, म्हणजे आयटीआय. वेल्डिंगसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालते. घरात चार पैसे यायला हवेत, म्हणजे बालसंगोपन योजनेत बसतं का ते पाहायचं. आईला आणि मुलाला समोरासमोर बसवून बोलतं करणारा समुपदेशक हवा. वकील हवा, तो विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

यातली एकही गोष्ट नव्याने निर्माण करायची नाही. सगळं या शहरात आहे, बहुतेक ठिकाणी फुकट आहे. कलम 18 मंडळाला हे सांगायची मुभाही देतं: शाळेत जा, धंदेशिक्षण घे, व्यसनमुक्तीच्या उपचारांना हजर राहा, गटसमुपदेशनाला ये. आदेशाच्या कागदावर चार ओळींत सगळं मावतं.

अडतं ते दोन दारांच्या मधे. रुग्णालय आरोग्य खात्याचं. आयटीआय कौशल्य विकासाचं. शाळा शिक्षण विभागाची किंवा महापालिकेची. निरीक्षणगृह महिला व बालविकासचं, पोलीस गृहखात्याचे. प्रत्येक दारावरचा माणूस भला असू शकतो, पण त्याला समोरचा कागद दिसतो, आधीचं आणि पुढचं दार दिसत नाही. ओपीडी मंगळवारी सकाळी, मंडळाची तारीखही मंगळवारी सकाळी. मुलगा तारखेला गेला की उपचार बुडतो, उपचाराला गेला की मंडळात ‘गैरहजर’. हा मुलाचा बेशिस्तपणा नाही. दोन वेळापत्रकं एकमेकांशी बोललेली नाहीत, इतकंच. एक फोन केला असता तर तारीख गुरुवारची मिळाली असती.

तो फोन कुणी करायचा? जिल्हा बाल संरक्षण कक्ष यासाठीच असतो. पण तिथले बरेचसे कर्मचारी कंत्राटी, करार संपला की माणूस बदलतो आणि मुलाची ओळख पुन्हा पहिल्यापासून. मला या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते. इमारती कमी पडतात, निधी कमी पडतो, ते खरंच आहे. पण मुलाला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ओळखणारं एक माणूस टिकत नाही, त्याचं नुकसान त्याहून जास्त होतं.

[दृश्य: शाळेचं फाटक. मधल्या सुट्टीचा गलका. परिविक्षा अधिकारी आणि आई आत जातात, मुलगा फाटकाबाहेर उभा.]

आता तो दाखला. सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आयटीआयलाही लागतो. फॉर्म भरायची मुदत ठरलेली असते, ती हुकली की वर्ष गेलं. आई दोनदा येऊन परत गेली आहे. एकदा क्लार्क रजेवर, एकदा ‘मुलाला घेऊन या’. मुलगा यायला तयार नाही. का, ते त्याने मॅडमना सांगितलं. सर विचारतील, एवढे दिवस होतास कुठे?

इथे या कामातली खरी कसरत आहे. चार खात्यांना एकत्र आणायचं तर त्यांना मुलाबद्दल सांगावं लागतं. आणि सांगितलं की तो ‘डोंगरीचा’ होतो. न सांगावं तर मदत मिळत नाही, सांगावं तर शिक्का बसतो. चांगला अधिकारी प्रत्येक दाराशी वेगळं आणि नेमकं तेवढंच बोलतो. डॉक्टरांना सोल्युशनबद्दल सगळं सांगतो, चोरीबद्दल काही नाही. आयटीआयच्या निदेशकांना एवढंच, की मुलाला महिन्यातून एक दिवस सुट्टी लागेल. आणि शाळेत?

शाळेत मॅडम म्हणाल्या, “घरच्या अडचणीमुळे शाळा सुटली होती. आता दहावीला बसायचं म्हणतोय.” दोन्ही वाक्यं खरी आहेत. अर्ज भरला, सही झाली. कागद हातात पडायला आणखी एक खेप लागणार आहे, पण मुलाला कुणी काही विचारलं नाही.

[दृश्य: सार्वजनिक बाग. पाण्याचा पाइप ओढणारे दोन हात, पायांत स्लीपर.]

कलम 18 मध्ये आणखी एक वाट आहे, समाजसेवेची. चौदा वर्षांवरच्या मुलाला बागेची निगा राखायला, वृद्धांची सेवा करायला, रुग्णालयात मदतीला, वाहतूक नियमनात स्वयंसेवक म्हणून पाठवता येतं.

मे 2024 नंतर महाराष्ट्रात हा विषय काढणं अवघड झालं आहे. पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने दोन तरुणांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप. काही तासांत जामीन, आणि अटींमध्ये रस्ता-सुरक्षेवर तीनशे शब्दांचा निबंध. लोक संतापले, आणि तो संताप रास्त होता. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना तो निबंध काय वाटला असेल, याचा विचारही करवत नाही.

पण त्या संतापात एक गोष्ट वाहून गेली. ‘निबंध’ हा शब्द या सगळ्या कायद्याचं नाव होऊन बसला. 2022 साली देशभरात मुलांवर आरोप असलेले 30,555 गुन्हे नोंदवले गेले. एकूण गुन्हे होते 58 लाखांवर, म्हणजे साधारण दोनशेत एक. पकडलेल्या मुलांत पाचातली जवळपास चार 16 ते 18 वयाची. वर्तमानपत्रात येतं ते प्रकरण वेगळं असतं. मंडळाच्या बाकावर रोज बसतात त्यांच्यात मोबाइल, सायकल, मारामारी यांत सापडलेली पुष्कळ असतात, आणि बहुतेकांच्या घरी वकील करायला पैसे नसतात. त्यांच्यासाठी हेच कलम परतीचा रस्ता आहे.

बागेत पाठवायचं, म्हणजे नुसतं पाठवून भागत नाही. बागेच्या माळीकाकांना कुणीतरी भेटावं लागतं. मुलाला काम काय द्यायचं, हजेरी कोण घेणार, पाणी पाजायला जोडीला कोण, हे ठरवावं लागतं. हे ठरलेलं नसलं तर मुलगा चार तास कठड्यावर बसून येतो आणि वहीत सही होते. ठरलेलं असलं तर आठव्या दिवशी माळीकाका म्हणतात, “अरे, त्या जास्वंदीला तूच बघ. मला काही सांगू नकोस.”

[दृश्य: रात्र. नाक्यावर पोलिसांची गाडी. लांबून.]

मधेच एक संध्याकाळ येते. वस्तीत कुणाचा तरी मोबाइल जातो. पोलिसांची गाडी नेमकी याच मुलाच्या दारात. अशा वेळी आई कोणाला फोन करते, त्यावरून व्यवस्था जागी आहे की नाही ते कळतं. या आईकडे मॅडमचा नंबर होता. मॅडमकडे ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचा. मुलगा त्या वेळी बागेत होता, हजेरीच्या वहीत सही होती. दहा मिनिटांत गाडी परत गेली. नंबर नसता तर ती रात्र कुठे गेली असती, हे मुलाला नीट माहीत आहे.

प्रकरण निकाली निघालं, अपिलाची मुदत संपली, की कलम 24 नुसार नोंदी नष्ट करायच्या असतात. पासपोर्ट, नोकरी, कुठेही हा डाग आड येऊ नये म्हणून. अगदी गंभीर गुन्ह्यांचे अपवाद वेगळे. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलासाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावर काही काळ पाठीशी राहण्याची तरतूद आहे. ती किती मुलांना माहीत असते? संस्थेतून निघताना कुणी सांगितलं तरच.

[दृश्य: झेरॉक्सचं दुकान. मशीनचा हिरवा उजेड सरकतो.]

दाखला मिळाला चौथ्या खेपेला. जन्मतारीख बरोबर आहे, आईचं नाव बरोबर आहे, ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ लिहिलं आहे. मुलाने तो रकाना बोट ठेवून वाचला.

“मॅडम, झेरॉक्स किती काढू?”

“दहा काढ. आणि मूळ कुणाच्या हातात द्यायचा नाही. कुणी कितीही मागितला तरी. दाखवायचा आणि परत घ्यायचा.”

आईने पिशवीची गाठ सोडली. दाखला रेशनकार्ड आणि आधारच्या मधे ठेवला, म्हणजे दुमडणार नाही. एक्स-रेचं पाकीट तसंच राहू दिलं.

[दृश्य: मुलगा दुकानातून बाहेर पडतो, रस्ता ओलांडतो. पाठमोरा.]