शझॅम! एका जादुई वीराचं स्थलांतर

(दृश्य : सोलापूर स्टेशनबाहेरची पहाट. फुटपाथवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटतायत. एक पोरगा भराभर पुरवण्या आत सरकवतोय.)

पेपर विकणारी पोरं प्रत्येक गावात असतात. १९४० साली अमेरिकेतल्या एका कॉमिक्सच्या पानावर असाच एक पोरगा अवतरला. नाव बिली बॅटसन. आईबाप नाहीत, घर नाही. रात्री भुयारी रेल्वेच्या तोंडाशी उभं राहून पेपर विकायचे आणि तिथंच कुठंतरी अंग टाकायचं. एका रात्री अंधारातून एक अनोळखी माणूस येतो आणि त्याला भुयारात घेऊन जातो. चालक नसलेली एक गाडी येते. ती थांबते तिथं एक पुरातन दालन असतं. भिंतीशी माणसाच्या सात शत्रूंचे पुतळे, समोर सिंहासनावर तीन हजार वर्षांचा म्हातारा जादूगार, आणि त्याच्या डोक्यावर बारीकशा धाग्याला टांगलेली प्रचंड शिळा.

म्हातारा म्हणतो, माझं नाव घे. बिली नाव घेतो, "शझॅम!"

वीज कोसळते. पोराच्या जागी उभा राहतो लाल पोशाखातला कॅप्टन मार्व्हल, छातीवर पिवळी वीज. सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलीसचं बळ, ॲटलसचा दम, झ्यूसचं सामर्थ्य, अकिलीसचं धैर्य आणि मर्क्युरीची चपळाई, सगळं एकाच्या अंगात. शिळा खाली येते, म्हाताऱ्याचं काम संपतं. पुन्हा तेच नाव घेतलं की वीज पडते आणि परत तोच पोरगा.

लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक, प्रकाशक फॉसेट. सुपरमॅन दोन वर्षं आधीच आला होता. पण तो परग्रहावरून आलेला, जन्मतःच वेगळा. बिलीकडं असं काहीच नव्हतं. त्याच्याकडं होता एक शब्द. कुठल्याही दहा वर्षांच्या पोराला वाटतं ना, की आत्ताच्या आत्ता मोठं व्हावं आणि दांडगटाची मानगूट धरावी? बिलीला ते जमत होतं. चाळीसच्या दशकात एक वेळ अशी आली की खपात कॅप्टन मार्व्हलनं सुपरमॅनला मागं टाकलं.

(दृश्य : बेक यांच्या चित्रांसारखी साधी, स्वच्छ रेषा काढणारा एक हात. वाघ. वाघाला कोट.)

त्याचं जग जरा बघून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट या जगाचीच आहे. तिथं टॉकी टॉनी नावाचा वाघ सूट घालून फिरतो आणि माणसांशी अगदी सभ्यपणे बोलतो. तिथला सगळ्यात भयंकर खलनायक म्हणजे एक अळी. मिस्टर माइंड. एवढीशी अळी, डोळ्याला चष्मा, आणि बेत सगळं जग ताब्यात घ्यायचा. डॉक्टर सिवाना नावाचा टकला शास्त्रज्ञ प्रत्येक वेळी हरतो आणि पुढच्या वेळी नव्या उमेदीनं परत येतो. त्या जगात ऊन जरा जास्तच लख्ख पडतं, असं मला ती पानं बघताना नेहमी वाटतं. यात कुणी कुणाची टर उडवत नाही. वाघ बोलतो म्हणजे बोलतो.

मग कोर्टकचेरी झाली. तुमचा वीर आमच्या सुपरमॅनची नक्कल आहे, असं म्हणत आज आपण जिला डीसी म्हणतो त्या कंपनीनं १९४१ मध्ये फॉसेटवर दावा लावला. तो बारा वर्षं चालला. १९५३ साली फॉसेटनं तडजोड केली, चार लाख डॉलर मोजले आणि कॅप्टन मार्व्हल छापायचा बंद केला. वाघ, अळी, सिवाना सगळे एकदम गप्प.

आणि आता गंमत बघा. १९७२ मध्ये त्याच डीसीनं फॉसेटकडून ती पात्रं छापायचा परवाना घेतला. ज्यांनी बंद पाडलं, त्यांच्याच दारात बिली पाहुणा म्हणून आला. तोवर 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव १९६७ पासून मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीकडं गेलेलं. म्हणून १९७३ च्या नव्या अंकावर नाव आलं 'शझॅम!'. मुखपृष्ठावर सुपरमॅन स्वतः पडदा बाजूला सारून त्याची ओळख करून देतोय. वीस वर्षं कुठं होतात, याचं उत्तरही गोष्टीतच दिलं. सिवानानं सगळ्यांना सस्पेंडियम नावाच्या पदार्थात गोठवून ठेवलं होतं, म्हणून कुणाचं वय वाढलं नाही. बंद पडल्याची ती वीस वर्षं सिवानाच्या माथी मारणारा तो लेखक मला फार आवडतो.

(दृश्य : सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग कारखाना. खडखडाट. एक अण्णा चादर झटकतात, दोन्ही बाजू दाखवतात.)

आता प्रश्न आला, की सुपरमॅन आणि बिली एकाच जगात कसे राहणार? याचं उत्तर डीसीकडं आधीच तयार होतं, आणि ते समजून घ्यायला सोलापुरी चादर हातात घ्यावी. एका बाजूला मरून रंगाच्या जमिनीवर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्या जमिनीवर मरून रंगाचा मोर. नक्षी तीच, रंगांची अदलाबदल. यातली कुठलीच बाजू खोटी नाही.

१९६१ च्या सप्टेंबरमध्ये डीसीच्याच 'फ्लॅश'च्या १२३ व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी अशीच दुसरी बाजू दाखवली. बॅरी ॲलन, म्हणजे अफाट वेगानं पळणारा वीर फ्लॅश, अनाथ मुलांसमोर खेळ करताना इतक्या वेगानं थरथरतो की दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पडतो. तिथं त्याला जे गॅरिक भेटतो, आधीच्या पिढीतला फ्लॅश. कानशिलांवर केस पिकलेले, बायको, घर, सगळं रीतसर. आणि बॅरीला धक्का बसतो, कारण या जे गॅरिकच्या कॉमिक्स त्यानं लहानपणी वाचलेल्या असतात! त्याच्या जगात जे म्हणजे कागदावरचं पात्र. मग गोष्टीतच खुलासा येतो, की लेखक गार्डनर फॉक्स झोपेत असताना त्याच्या मनाला त्या दुसऱ्या पृथ्वीचा सुगावा लागायचा. लेखकानं स्वतःलाच गोष्टीत ओवून घेतलं. दोन काल्पनिक विश्वांमधल्या ये-जा करण्यावर पुढं शेकडो अंक निघाले, पण इतकं सुंदर दार माझ्या बघण्यात दुसरं नाही.

बिलीच्या जगालाही अशीच स्वतंत्र पृथ्वी मिळाली. नाव 'अर्थ-एस'. सुपरमॅनशी त्याची गाठ १९७६ साली पडली, डीसीच्या वीरांच्या टोळीच्या, म्हणजे 'जस्टिस लीग'च्या १३५ ते १३७ या तीन अंकांत. १९७८ मध्ये तर भल्यामोठ्या आकाराचा खास अंकच निघाला, सुपरमॅन विरुद्ध शझॅम. आणि याही आधी, १९७४ मध्ये सुपरमॅनच्या अंकात कॅप्टन थंडर नावाचा वीर दुसऱ्या जगातून येऊन गेला होता. मुलाचं नाव विली फॉसेट, पट्ट्याचं बक्कल घासून "थंडर" म्हणायचं. बिलीचीच सावली ती. मूळ आराखड्यात कॅप्टन मार्व्हलचं नाव कॅप्टन थंडरच ठरलं होतं.

आपल्याकडच्या वाचकानं ही सोयरीक वेगळ्या वाटेनं पाहिली. १९६४ साली सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून वेताळ, म्हणजे फँटम, आणि जादूगार मँड्रेक मराठीत आले. वेताळाच्या लग्नाला मँड्रेक हजर होता, १९७७ साली. पण ते दोघंही ली फॉक या एकाच लेखकाचे. घरातल्या घरातलं लग्न ते. मानापमानाचा प्रश्न येतो तो घरं वेगळी असतात तेव्हा.

(दृश्य : सिद्धेश्वर तलाव. संमती कट्टा. यात्रेतले नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी.)

जादूवाला वीर दुसऱ्याच्या विश्वात शिरला की खरी अडचण होते ती नियमांची. सुपरमॅनला गोळी लागत नाही, आगीनं काही होत नाही. अशा घरात पाहुण्याची किंमत ती काय? पण त्या विश्वाच्या कायद्यात एक कलम जुनंच होतं : सुपरमॅनवर जादूची मात्रा चालते. जादूपुढं तो तुमच्याआमच्यासारखाच. आणि बिलीची वीज ही जादूची वीज. त्या एका कलमामुळं पाहुण्याला पाट मिळाला. यजमानाला लहान करावं लागलं नाही, पाहुण्यालाही स्वतःची जादू दाराबाहेर ठेवावी लागली नाही.

हे किती अवघड असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. दर संक्रांतीला आपण तीच गोष्ट नव्यानं जगतो. कुंभारकन्येनं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. महाराज तर योगी. तिला नकार देऊन परत पाठवलं नाही आणि स्वतःचं व्रतही मोडलं नाही. माझ्या योगदंडाशी विवाह कर, म्हणाले. आज संमती कट्ट्यावर लाखो माणसं त्याच अक्षता टाकतात. श्रद्धेची गोष्ट आणि कॉमिक्स यांना एका मापानं मोजायचं नाही, ते मला ठाऊक आहे. पण दोन्हीकडचा शब्द राखून गोष्ट पुढं कशी न्यायची, हे मी शिकलो ते या कट्ट्यावर. कॉमिक्स नंतर हातात आली.

म्हणूनच १९८५ साली जे झालं ते मला सलतं. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची बारा अंकांची मालिका आली, 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'. काम अफाट, पेरेझच्या एकेका पानावर पन्नास पन्नास चेहरे, आणि प्रत्येक चेहरा वेगळा. त्या मालिकेच्या शेवटी सगळ्या पृथ्व्या वितळून एकच उरली. बिली आता पाहुणा राहिला नाही, कायमचा रहिवासी झाला. त्याला सुपरमॅनच्या पंगतीत जागा मिळाली, पण त्याचं गाव गेलं. ते लख्ख ऊन गेलं. १९९४ मध्ये जेरी ऑर्डवेनं त्याची गोष्ट नव्यानं आणि खूप मायेनं सांगितली. तिथं टॉनी वाघ सुरुवातीला कापूस भरलेलं खेळणं होऊन येतो. का? तर या नव्या जगात बोलणारा वाघ कुणाला पटला नसता.

(दृश्य : पूर्व भागातली गल्ली. दारावर तेलुगू पाटी, शेजारी मराठी. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाची जुनी चित्रफीत.)

या गल्ल्यांमध्ये उभं राहून हे सांगायचं कारण आहे. तेलंगणातून पद्मशाली विणकर सोलापुरात आले. माग आणले, मार्कंडेय आणले, घरातली तेलुगू आणली. आज नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा सगळं शहर रस्त्यावर असतं. इथला माणूस दुकानात मराठी बोलतो, आईशी तेलुगू आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेत "एकदा भक्तलिंग हर बोला हर" म्हणताना आवाज सगळ्यात वर त्याचाच. सोलापूरनं त्याला घेतलं ते त्याच्या गावासकट. १९८५ मध्ये बिलीला घेताना नेमकं हेच झालं नाही.

त्याचं गाव परत यायला तीस वर्षं लागली. पुढं डीसीनं पुन्हा अनेक पृथ्व्या मान्य केल्या आणि ग्रँट मॉरिसन यांच्या 'द मल्टिव्हर्सिटी' मालिकेत, २०१५ सालच्या 'थंडरवर्ल्ड' या अंकात, कॅमेरॉन स्टुअर्टच्या रेषांतून 'अर्थ-५' उजळली. तिथं सिवाना वेळ चोरून आठवड्याला आठवा वार जोडतो, स्वतःच्या नावाचा सिवानावार, आणि निरनिराळ्या विश्वांतले सिवाना हातमिळवणी करतात. बिली त्यांना पुरून उरतो. ज्यांना बिलीचा एकच अंक वाचायचा असेल त्यांनी हा वाचावा.

(दृश्य : माडीवरची खोली. जमिनीवर आलेख कागद. चादरीचं डिझाइन काढणारे एक काका आणि तीन कॉलेजची पोरं.)

हे काका जॅकार्ड मागासाठी नक्षी काढतात. एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा एक छेद. चौकोन भरत जायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडतात आणि माग ती भोकं वाचतो. पोरांना बिलीवर चार पानांची गोष्ट काढायचीय. बिली सोलापुरात येतो, एवढंच ठरलंय. काकांकडं ती आलीत ते विजेसाठी. तिरकी रेघ चौकोनात बसवली की तिच्या पायऱ्या होतात. काका एक चौकोन सोडून दोन भरतात, खालच्या ओळीत एक चौकोन मागं येतात, पुन्हा दोन. लांबून बघितलं की वीज सरळ कोसळते.

"पण तो येणार कुठनं?" एक पोरगा विचारतो. "इथं भुयारी रेल्वे नाही."

दुसरी म्हणते, हातमागाच्या खड्ड्यातून येऊ दे. विणकर पाय सोडून बसतो ना, त्याच्या खाली.

काकांना ते पटतं. त्यांची अट एकच आहे. "आल्या आल्या मारामारी नको. आधी पोरगा दाखवा. भूक लागलेली असणार त्याला. कडक भाकरी अन् शेंगाचटणी द्या, मग म्हणू दे काय म्हणायचंय ते."

"आणि काका, वाघ?"

"वाघ बोलणारच. पहिल्याच पानावर बोलू दे."