कोल्हापूरचा बँड आणि त्याचा डिझेलवरचा ड्रमर

ह्या व्हिडिओत हा जो ठोका ऐकू येतोय ना, हा ह्या बँडचा ड्रमर. एका सिलिंडरचं स्लो स्पीड डिझेल इंजिन, मिनिटाला ६५० फेरे. फोर स्ट्रोक असल्यामुळं दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल पेटतं, म्हणजे ठोके ३२५, आणि गिटारवाला त्यातला एक सोडून एक धरतो.

बँडचं नाव विचारू नका, दर कार्यक्रमाला बदलतंय. कोल्हापुरात बँड म्हटलं की वरातीचा रेट विचारतात, एकदा ही पोरं खरंच वरातीला गेली पण त्याचं शूटिंग नाही. तिथनं आल्यावर ड्रमर पुण्याला गेला तो गेलाच. मग कुणीतरी बर्लिनच्या आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेनचा विषय काढला, १९८० पासून पत्रे नि ड्रिल वाजवणारी माणसं, त्यातल्या काहींनी १९८४ साली लंडनमध्ये स्टेजच फोडायला घेतलं आणि कार्यक्रम मधेच बंद पाडावा लागला. पोरं म्हणाली, आपल्याकडं तर कारखान्यांचं अख्खं उद्यमनगर आहे की!

हा बघा टेम्पो. हे इंजिन भाड्याचं, फळ्यांच्या स्टेजवर बोल्ट न मारता ठेवलेलं. हँडल मारलं, धरलं, आणि दुसऱ्या कडव्याला साहेब हादरत हादरत पहिल्या रांगेकडं निघाले. धुरात गायक दिसत नाही पण गातोय. डिपॉझिट गेलं.

मग बँडच इंजिनाकडं गेला. करवीर तालुक्यातलं हे गुऱ्हाळ, इथलं इंजिन फाउंडेशनला पक्कं, पट्ट्यावर चरक. हे नीट बघा, कारण असली इंजिनं आता कमी होत चाललीत, विजेच्या मोटारी आल्यात. चरकातनं रस काहिलीत, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं, रसात भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते ती झाऱ्यानं काढायची. त्याच चुलवाणापाशी हलगी शेकायला धरलीय, ऊब लागली की कातडं ताणतंय आणि आवाज कडक निघतोय. पण चरकात मोळी जाड गेली की इंजिनावर लोड येतो, ठोका ओढतो, सगळं गाणंच जड होतं, म्हणून गिटारवाला वाजवता वाजवता ऊस घालणाऱ्या मामांना मानेनं खुणावतोय, कमी घाला, कमी घाला. मामा बघतच नाहीत.

हे गुळव्या काका, म्हणजे गूळ शिजवणारे. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी होते का बघायची, तापमान वगैरे मोजायचं कामच नाही, सगळं हातात. गाणं ऐन रंगात, काकांनी हात वर केला, गायकाला वाटलं दाद देताहेत, त्यानं आणखी एक आलाप घेतला. काका काहील उतरवायला माणसं बोलवत होते. माणसं गाणं ऐकत होती.

काहिलीतलं आदण करपलं, पैसे बँडनं भरले.

दिवाळीनंतर इथंही मोटार बसणार आहे. मालक म्हणतात इंजिन तुम्हीच घेऊन जावा, फुकट. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं यावर अजून वाद चालू आहे.