दात्यासमोर बसण्याआधी

(दान-नियोजनाच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज समोर तीन प्रकारची मंडळी बसली आहेत. संस्थांसाठी निधी गोळा करणारे कार्यकर्ते आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत आणि वकील आहेत. दात्याला सल्ला देणं हे आपलंच काम, बाकीचे दोघे सह्या-शिक्क्यांपुरते, असं तिघांनाही मनातून वाटत असतं. कार्यकर्त्याला दाता माहीत असतो पण कायदा नाही, वकिलाला कायदा माहीत असतो पण संस्था नाही, आणि सीए साहेबांना दात्याची आठवण जुलैमध्ये रिटर्न भरताना होते. दान अडकतं ते या तिघांच्या मधल्या फटीत.

अमेरिकेत हा स्वतंत्र पेशा आहे. तिथे अशा सल्लागारांची राष्ट्रीय संघटना 1988 साली उभी राहिली, विद्यापीठांत अभ्यासक्रम आहेत, पदव्या आहेत. ते साहित्य जरूर वाचा, पण जसंच्या तसं इथे आणू नका. त्यांच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग कराभोवती फिरतो, कारण तिथे मोठ्या मालमत्तेवर मृत्यूनंतर कर बसतो. शिवाय 1969च्या कायद्यामुळे एक खास प्रकारचा ट्रस्ट करता येतो: मी जिवंत आहे तोवर उत्पन्न मला, माझ्यामागे उरेल ते संस्थेला, आणि त्यावर आजच करसवलत. आपल्याकडे मृत्युकर 1985 साली गेला. दानावरची जी आयकर सवलत आपण ऐंशी-जी म्हणून ओळखतो, ती नवी करप्रणाली घेणाऱ्या माणसाला मिळतच नाही, आणि 2023-24 पासून ही नवी प्रणालीच आपोआप लागू होते. जुन्या प्रणालीतसुद्धा वस्तू, जमीन, घर दिलं तर सवलत नाही आणि रोख दोन हजारांच्या वर नाही. तेव्हा 'सर, टॅक्स वाचेल' या वाक्याने जो सल्लागार बोलायला सुरुवात करतो, त्याच्याकडे पाच मिनिटांनी सांगण्यासारखं काही उरत नाही.

त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र डोळे मिटून घ्यावी. 1991 साली तिथल्या दोन संघटनांनी आचारसंहिता केली. तीत स्पष्ट म्हटलंय की दाता मिळवून दिल्याबद्दल दलाली घेणं अयोग्य. आपल्याकडे विम्याच्या धंद्यातून या कामात आलेली पुष्कळ मंडळी आहेत. रागवू नका, पण टक्केवारीची सवय अंगात मुरते. पगार घ्या, ठरलेली फी घ्या, दानाच्या रकमेवर टक्के घेऊ नका.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे येतो. तो माझ्या मते करापासून नव्हे, घरातल्या कागदांपासून सुरू व्हायला हवा. समजा, सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका तुम्हाला बोलावतात. यजमान जाऊन काही वर्षं झाली. मुलगा परदेशी, मुलगी ठाण्याला. बाई म्हणतात, "माझ्यामागे हा फ्लॅट आमच्या शाळेला द्यायचाय. तेवढं मृत्युपत्र करून द्या." तुम्ही मनात हिशोब करता, सदाशिव पेठ, दोन बेडरूम, लिफ्ट आहे. थांबा. आधी म्हणा, "बाई, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघू का?"

त्यावर नाव यजमानांचं असतं. दहापैकी निम्म्या घरांत हेच असतं, आणि बाई निर्धास्त असतात: "मी नॉमिनी आहे ना." नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली हे पुन्हा एकदा सांगितलं, आणि फ्लॅटच्या बाबतीतही नॉमिनेशनने वारसांचे हक्क जात नाहीत. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि त्यांची आई हयात नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाई, मुलगा, मुलगी असे तीन सारखे हिस्सेदार. बाईंना शाळेला देता येतो तो एक तृतीयांश. पूर्ण फ्लॅट द्यायचा तर मुलांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. म्हणजे मुलांना सांगायला हवं. आणि बाई नेमकं म्हणतात, "मुलांना आत्ता नको हं कळवायला."

सल्लागाराची परीक्षा इथे होते. कलमं पुस्तकात मिळतात. "बाई, मुलांना का नको?" हा प्रश्न विचारून पुढे गप्प बसणं शिकवावं लागतं. कधी मुलाशी अबोला असतो, कधी सुनेची भीती, कधी नुसता संकोच. मुलांना अंधारात ठेवून झालेलं दान पुढे कोर्टात उभं राहतं आणि तिथे शाळेचं नाव खराब होतं. मुलांचा विरोध असेल तर तो बाई हयात असतानाच समोर आलेला बरा. निदान त्या उत्तर द्यायला असतात.

मग पुढचे प्रश्न. आजारपण काढायला पैसे आहेत का? सोबतीला कोण? आधी स्वतःच्या म्हातारपणाची बेगमी, मग दान. ज्याला राहत्या घराशिवाय दुसरा आधार नाही, त्याला हयातीत बक्षीसपत्र करायला लावू नका. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की सहसा परत फिरत नाही, मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत बदलता येतं आणि त्याला मुद्रांक शुल्कही नाही.

मसुद्यात दोन जागी लक्ष द्या. पहिलं, 'आमच्या शाळेला' असं लिहू नका. शाळा ही कायद्याने मालक होऊ शकणारी व्यक्ती नाही, शाळा चालवणारी संस्था मालक होऊ शकते. त्या संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता लिहा. दुसरं, 'फ्लॅट संस्थेला' आणि 'फ्लॅट विकून येणारी रक्कम संस्थेला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकदा फ्लॅट संस्थेच्या नावावर झाला की तो विकायला 1950च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तीन शिपाई आणि एक लेखनिक असलेल्या संस्थेने ते दुखणं कशाला घ्यावं? एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसाने, विकावं आणि धनादेश द्यावा.

आणि संस्थेच्या कार्यकर्त्याने त्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये, मसुदाही स्वतः करू नये, बाईंना रिक्षात घालून रजिस्ट्रारकडेही नेऊ नये. ज्याला लाभ व्हायचा त्यानेच पुढाकार घेऊन मृत्युपत्र करवलं असेल, तर ती संशयाची बाब ठरते आणि तो संशय दूर करायचा भार त्याच्यावरच येतो. हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 सालीच सांगून ठेवलंय. बाईंचा वकील वेगळा, आपला वेगळा.

शेतजमिनीत तर हमखास फसगत होते. गावाकडचे एखादे दादा म्हणतात, दोन एकर संस्थेला लिहून देतो. 1948च्या कूळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला किंवा बक्षीस द्यायला परवानगीशिवाय मनाई करतं. मग कोणीतरी शहाणा सुचवतो, मृत्युपत्राने देऊ! 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात, याच 1948च्या कायद्याखाली, ती वाटही बंद केली. विदर्भात आणि मराठवाड्यात कायदे वेगळे, तिथल्या माणसाला विचारा. सातबारा बघितल्याशिवाय आभाराचं पत्र पाठवू नका, एवढं तरी करा. परवानगी मिळवता येते, किंवा शेतकऱ्यालाच जमीन विकून पैसे द्यावेत असं लिहिता येतं.

शेअर्स देणारे दाते वाढताहेत. दान करताना दात्याला भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण संस्थेला ते शेअर कायम ठेवता येत नाहीत. मिळाले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून वर्षाच्या आत विकून मान्य गुंतवणुकीत घालावे लागतात. 'हे कधीही विकू नका' अशी अट घालणाऱ्या काकांना हे आधीच सांगा. परदेशातून पैसे पाठवू म्हणणाऱ्या न्यू जर्सीच्या पुतण्याबद्दल एकच प्रश्न: पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. अमेरिकन असेल तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत.

अटींबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्यात मला रस आहे. परळचं सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं केईएमचं जी. एस., 1926 साली सुरू झालं. देणगीमागे अट होती की शिकवणारे भारतीय असावेत. त्या काळात वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा इंग्रजांच्या हातात होत्या. एका अटीने भारतीय डॉक्टरांना प्राध्यापकाची खुर्ची मिळाली. चांगली अट अशी असते: तिच्यामागे विचार असतो, ती पाळता येते आणि पाळली की नाही हे दिसतं.

उलट प्रकार तुमच्या कपाटात आहेत. 'जुन्या अकरावीला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या, अमुक तालुक्यातल्या विद्यार्थ्यास' असं 5,000 रुपयांचं पारितोषिक. अकरावीची ती परीक्षा राहिली नाही, तालुक्याचे दोन तालुके झाले, आणि साडेसहा टक्क्यांनी व्याज येतं 325 रुपये. समारंभाच्या हाराला पुरत नाही. पण विश्वस्तांना आपल्या मनाने उद्देश बदलता येत नाही. त्याच 1950च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 55 खाली न्यायालयात जाऊन मूळ हेतूच्या जवळचा उद्देश मागावा लागतो. 5,000 रुपयांसाठी कोण जाणार? म्हणून दाता समोर असतानाच एक वाक्य घालून घ्या: हा उद्देश पार पाडणं अशक्य झालं तर विश्वस्तांनी त्याच्या निकटच्या शैक्षणिक कामासाठी रक्कम वापरावी. बहुतेक दाते हसून मान्य करतात. एखादा करत नाही, त्याचं दान नम्रपणे नाकारायचीही तयारी ठेवा. हे तुमच्या कार्यकारिणीला आवडणार नाही, मला माहीत आहे.

चहानंतर जोड्या करायच्या आहेत. एकाने बाई व्हायचं, एकाने सल्लागार. सल्लागाराने पहिली वीस मिनिटं कायद्याचं एकही कलम उच्चारायचं नाही. बाई झालेल्याने मुलाचा विषय निघाला की तो टाळायचा. कसा टाळतात ते मी सांगायला नको. मग जागा बदलायच्या, आणि साडेचारला आपण मसुद्यांवर बसू. वकील मंडळींनी एकमेकांची जोडी लावू नये.