माळावरची रात्र

श्रोतेहो, नमस्कार. सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. १९७९ साली इथं अभयारण्य झालं ते माळढोकासाठी. आज मात्र मी माळढोकावर बोलणार नाही. त्याच माळावर रात्र एकट्यानं काढणाऱ्या मेंढक्याविषयी बोलणार आहे. एकट्यानं म्हणजे माणूस एकटा, बाकी जित्राब भरपूर.

आमच्या ओळखीचे एक धनगर आजोबा आहेत. त्यांची ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवतो, आज तुमची पाळी. पावसाळ्याचे दिवस. वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, पुढं गेलेला, आजोबा मेंढरं घेऊन मागं. दिवस मावळता मावळता मुरमाच्या जुन्या खाणीच्या काठावरून पाय घसरला आणि घोटा मोडला. उभं राहवेना. काडीपेटी भिजलेली, म्हणजे जाळाची आशा नाही. जवळ काठी, घोंगडं आणि कुत्रा.

आजोबांनी घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतली. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं भिजलं तरी ऊब धरून राहतं. आपण महागडे रेनकोट घेतो आणि आतून घामानं भिजतो, ते असो. मग हाळी देऊन मेंढरं भोवती बसवली. कळपात दोन-चार शेळ्या असतातच. त्यातली एक ओढून तिच्या सडाची धार सरळ तोंडात घेतली. पुन्हा सांगतो, ऊब मेंढरांची, दूध शेळीचं आणि राखण कुत्र्याची.

मध्यरात्री ओढ्याच्या अंगाला टिटवी ओरडली. टिटवीचा मुक्काम भुईवरच; रात्री जवळून कुणी गेलं की बोंब ठोकते. थोड्या वेळानं दुसरी ओरडली, अलीकडं. आजोबा समजले, लांडगा येतोय. शेळी फुरफुरली, मेंढरं एकमेकांत घुसली आणि कुत्रा अंधारात सुटला. लांडग्यांना हेच हवं असतं! एक कुत्र्याला लांब भुलवून नेतो, दुसरा मागनं कळपात शिरतो. आजोबांनी शीळ घालून कुत्र्याला माघारी बोलावलं आणि दगडावर काठी आपटत बसले. ओरडून ओरडून घसा बसला. तरी पहाटे एक कोकरू गेलंच.

उजाडल्यावर वाड्यावरची पोरं शोधत आली, त्यांनी घोड्यावर घालून नेलं. मी विचारलं, "आजोबा, लांडग्याचा राग नाही आला?"

"राग कशाला? त्येचीबी पिल्लं हायती की. पर कुत्रं बोलवल्याबरुबर माघारी आलं, न्हाईतर धा गेली असती."

आता माझं एक दुखणं. या माळाला लोक पडीक म्हणतात आणि दिसला की खड्डे घेऊन झाडं लावतात. अहो, ते गवताचंच रान आहे! पवन्या, मारवेल, कुसळी तिथं वाढते, त्यावर काळवीट जगतं, आणि काळवीट असलं तर लांडग्याला मेंढराशिवाय दुसरं काही मिळतं. झाडं लावायचीच तर शहरात लावा, आमच्या उन्हाळ्यात सावलीला कुणी नाही म्हणणार नाही.

खोकडाविषयी, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याविषयीही सांगायचं होतं, पण वेळ होत आली. मेंढपाळ ऐकत असतील त्यांच्यासाठी एक. कुत्र्यांना रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. पिसाळलेलं कुत्रं लांडग्याला चावलं तर लांडगा पिसाळतो, आणि पिसाळलेला लांडगा माणसाच्या अंगावर येतो. लस टोचून घ्या. नमस्कार.