झोपलेल्या माणसाची उंची

श्रोतेहो, नमस्कार.

चंद्रपूर-गडचिरोलीहून, छिंदवाडा-बालाघाटहून अत्यवस्थ रुग्ण नागपूरला आणले जातात. श्वास चालत नसेल तर व्हेंटिलेटर लावतात आणि सोबतच्या मुलाला विचारतात, "आईची उंची किती?" मुलगा घाबरलेला असतो. "पाच-तीन असेल," तो म्हणतो.

त्या घाईत उंची कशाला हवी? कारण फुफ्फुसांचा आकार उंचीप्रमाणे ठरतो, वजनाप्रमाणे नाही. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसं मोठी होत नाहीत. फुफ्फुसं गंभीर आजारी असतील, तर उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला साधारण 6 मिलिलिटर हवा एका श्वासात देतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात 12 मिलिलिटर दिलेल्यांपैकी शंभरातले सुमारे 40 दगावले, 6 मिलिलिटर दिलेल्यांपैकी 31.

आता त्या आईचंच बघा. वय 70. मुलाने सांगितलेली उंची तिच्या तरुणपणाची. पाठ वाकली, मणके दबले, ते त्याच्या हिशेबात नाही. गुडघा मात्र खोटं बोलत नाही, पायाचं हाड वयाने आखूड होत नाही. घोटा आणि गुडघा दोन्ही काटकोनात ठेवायचे आणि टाचेच्या तळापासून गुडघ्याजवळ मांडीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजायचं. समजा 45 सेंटिमीटर आलं. बायकांसाठीचं सूत्र असं: 1.83 ला या मापाने गुणा, 84.88 मिळवा, वयाची 0.24 पट वजा करा. उत्तर साधारण 150. मुलाच्या सांगण्याप्रमाणे 160. या दहा सेंटिमीटरमुळे दर श्वासाला सुमारे 50 मिलिलिटर हवा जास्त गेली असती, आणि असे श्वास मिनिटाला वीस-पंचवीस.

हे सूत्र अमेरिकेतल्या वृद्धांवरून बसवलेलं आहे, आपल्याकडे काही सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच. तरी पलंगाशेजारी उभं राहून नजरेने ठरवण्यापेक्षा मला ते कधीही बरं वाटतं.

पायाला प्लास्टर किंवा सूज असेल तर हात मोजा. गळ्याखालच्या खळग्यापासून, आडव्या पसरलेल्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळापर्यंत. लकवा असेल तर चांगल्या बाजूचा हात घ्या. लकव्याचा हात अनेकदा आखडलेला असतो, सरळ होत नाही. त्यासाठीचं सूत्र वेगळं आहे, ते आहारतज्ज्ञांना किंवा डॉक्टरांना ठाऊक असतं. तुम्ही फक्त माप नीट घ्या.

घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर शिवणकामाची टेप काढा आणि हे माप आजच घ्या. केमोथेरपीचा डोस ठरवायला, किती खायला द्यायचं हे काढायलाही उंची लागते. फाईलच्या पहिल्या पानावर माप लिहा, तारीख घाला, कोणता पाय किंवा हात मोजला तेही लिहा. अंदाजाने सांगितलेली उंची असेल तर तिच्यापुढे "अंदाजे" हा शब्द जरूर लिहा, म्हणजे दवाखान्यातली माणसं पुन्हा मोजतील.