रिट्झच्या जागी तिसरी घंटा

(दृश्य : कोनवाळ गल्ली. ट्रकातून सेट उतरतो आहे.)

कोनवाळ गल्ली, बेळगाव. हे लोकमान्य रंगमंदिर. इथं आधी रिट्झ हे सिनेमाचं थिएटर होतं. जुना बेळगावकर मात्र पत्ता सांगताना अजून 'रिट्झ'च म्हणणार. सिनेमाच्या थिएटरला पडदा आणि खुर्च्या असल्या की भागतं. नाटकाला विंग लागते, रंगपट म्हणजे नटांची मेकअपची खोली लागते, आणि हा तीन जणांनी आडवा धरलेला सोफा आत जाईल एवढं दारही लागतं.

(दृश्य : पेटीवरची बोटं. नांदीची तालीम.)

'पंचतुंड नररुंडमालधर'. नाट्यसंमेलन कुठलंही असो, ही नांदी होतेच. ती लिहिणारा आपल्या जिल्ह्यातला. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब. जन्म १८४३, गाव सौंदत्तीकडचं गुर्लहोसूर. त्यांच्या आधी पदं म्हणायची ती मुख्यतः सूत्रधारानं. अण्णासाहेबांनी पात्रांनाच गायला लावलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले; दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. साकी, दिंडी या मराठी पद्यप्रकारांच्या चाली घरच्याच होत्या, जोडीला त्यांनी कानडी पदांच्या चाली घेतल्या. संगीत नाटकाची गोष्ट पुण्यापासून सुरू करणाऱ्यांनी या चाली कुठल्या मुलखातल्या, तेही एकदा सांगावं. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, तेही गुर्लहोसूरलाच.

(निवेदन थांबतं. नांदी पूर्ण ऐकू द्यावी.)

(दृश्य : कुमार गंधर्व रंगमंदिर, दर्शनी बाजू.)

शहरातलं हे दुसरं रंगमंदिर, सरकारी. गायक कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, इथून जवळच्या सुळेभावीचा. अण्णासाहेब आणि कुमार, दोन्ही नावं याच मातीतली. २०१५ मध्ये मराठी नाट्यसंमेलन बेळगावात भरलं, अध्यक्ष गायिका-अभिनेत्री फैयाज. एरवी पुण्या-मुंबईचं नाटक आणायचं तर ट्रक, मुक्काम, भाडं सगळं तिकिटावर चढतं, आणि मग प्रयोग लांबणीवर पडतो.

(दृश्य : तिकीट खिडकी, मग गल्लीतली गर्दी.)

रिट्झला यायचं तर गल्ली अरुंद आहे, हे लक्षात ठेवा. चारचाकी लांब कुठंतरी लावा आणि रामलिंगखिंड गल्लीतून चालत या. तिसऱ्या घंटेनंतर पोचलात तर अंधारात लोकांच्या गुडघ्यांना धडकत खुर्ची गाठावी लागेल. खानापूर, निपाणीकडच्यांनी परतीची शेवटची बस आधीच विचारून ठेवावी. संगीत नाटक आहे. एकेका पदाला वन्समोअर मिळायला लागले की घड्याळाचं काही खरं नसतं.