तारेत विणलेला प्रोग्राम

मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथे, रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात समोरासमोर बसलेल्या, छायाचित्रातील या दोन स्त्रिया चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकाचा प्रोग्राम विणत आहेत. त्यांच्या हातातील सुई नीट पाहावी. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे यंत्र नेमके चुंबकीय कडे समोर आणून देते, सुई पलीकडच्या स्त्रीकडे जाते आणि पुढच्या कड्यासाठी परत येते. मण्यांतून दोरा ओवावा तसे हे काम असले, तरी येथे प्रत्येक मणी ओवायचा नसतो. सुईतील तार कड्यातून गेली तर तो अंक 1 होतो आणि बाहेरून गेली तर 0.

एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्मृतीच्या एका सुट्या भागात, अशी 512 कडी असत आणि सहा मॉड्यूल मिळून 36,864 शब्दांचा (येथे शब्द म्हणजे संगणक एकत्र हाताळतो तो 0 आणि 1 यांचा गट) प्रोग्राम मावत असे. आकडेमोडीसाठी बदलती स्मृती मात्र अवघ्या 2,048 शब्दांची, म्हणजे चार किलोबाइटची होती. त्यामुळे एकच जागा निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामांना वापरावी लागे. सुमारे 32 किलो वजनाच्या आणि जेमतेम 55 वॅट विजेवर चालणाऱ्या या पेटीत एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या अभियंत्यांना याहून अधिक काही बसवता आले नाही.

विणकामाला कित्येक आठवडे लागत आणि विणून झाल्यावर मॉड्यूल प्लास्टिकमध्ये ओतून कायमचे बंद केले जाई. साहजिकच प्रोग्राम उड्डाणाच्या कित्येक महिने आधी पक्का करावा लागे, तोही प्रत्यक्ष यानाविना, मोठ्या संगणकांवर यानाची नक्कल चालवून. सॉफ्टवेअर कधीही बदलता येते, ही आजची सोयीची समजूत येथे चालणारी नव्हती.

आपल्या उंचीएवढ्या छापील कागदांच्या गठ्ठ्याशेजारी उभ्या असलेल्या, अपोलोच्या सॉफ्टवेअर गटाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन यांचे छायाचित्र जगभर पोहोचले, आणि ते योग्यच झाले. असल्या कागदांवरील अंक तारेत उतरवणाऱ्या स्त्रिया मात्र त्या कौतुकात क्वचितच दिसतात. त्यांपैकी काही जणी कापडगिरण्यांतून आल्या होत्या, तर काही वॉल्थॅमच्याच घड्याळाच्या कारखान्यातून, आणि अभियंत्यांच्या आराखड्याइतकाच त्यांच्या बोटांच्या अचूकतेवर हा संगणक उभा होता.

20 जुलै 1969 रोजी चांद्रयान खाली उतरत असताना रडारच्या जोडणीतील दोषामुळे संगणकावर नाहक भार आला आणि काम झेपेनासे झाल्याचे सांगणारा 1202 हा इशारा झळकला. तारेत विणलेल्या प्रोग्रामने दुय्यम कामे बाजूला टाकली, महत्त्वाची तेवढी चालू ठेवली आणि यान उतरले.